पान एकशे एक्केचाळीस

१

वाचनालयातला बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा वर्षातून एकदाच उघडायचा, आणि उघडायचा मान मॅडमचा. मॅडम म्हणजे ग्रंथपाल. त्यांना दुसरं नावच उरलं नव्हतं. इस्त्रीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे मॅडमच म्हणत. शनिवारी दुपारी दोनला शेवटचा वाचक बाहेर पडला, मॅडमनी दार लोटून घेतलं, थर्मासमधला चहा ओतला, चष्मा दोनदा पुसला आणि डब्यापुढे अशा बसल्या, की पाहणाऱ्याला वाटावं बाईंना लॉटरी लागलीय.

डब्यात चिठ्ठ्या होत्या. पांढऱ्या आणि पिवळ्या.

त्याचं असं होतं, की या वाचनालयात एका भयकथा लिहिणाऱ्या कादंबरीकाराच्या वेड्यांचं एक मंडळ होतं. वेडे हा शब्द त्यांचाच. सात सभासद आणि आठव्या मॅडम. लेखकाला सगळे लाडानं म्हातारा म्हणत, तो तरुण होता तेव्हापासून. म्हाताऱ्यानं उभ्या आयुष्यात एकोणीस कादंबऱ्या लिहिल्या आणि मागच्या वर्षी तो गेला. एकोणिसावी, ‘पत्ता विचारणारी’, तो गेल्यावर आली. दरवर्षी मंडळ मत द्यायचं: सगळ्यात आवडती कादंबरी पांढऱ्या चिठ्ठीवर, सगळ्यात नावडती पिवळ्या. पिवळीवर नुसतं नाव लिहून भागत नसे. पान क्रमांक हवा आणि कारण हवं. म्हाताऱ्याला उगाच नावं ठेवायची सोय नव्हती. जिला जास्त पिवळ्या पडतील, ती कादंबरी वर्षभर लोखंडी कपाटात कुलपाआड. याला मंडळात कोठडी म्हणत आणि त्यावरून हमरीतुमरीवर येत.

आणखी एक नियम होता, तो मॅडमनी केलेला. वाचनालयात प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत, आणि ती क्रमानं फिरायची. ज्याचं वाचून झालं, त्यानं ज्याचं व्हायचंय त्याच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही. एकदा अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तरांनी, चहात बिस्किट बुडवता बुडवता खुनी कोण ते सांगून टाकलं होतं, आणि नर्सबाई त्यांच्याशी सहा महिने बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मॅडम स्वतः सगळ्यांच्या शेवटी वाचत. त्यामुळे रांगेतला शेवटचा माणूस नेहमी त्याच, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत नव्या पुस्तकाबद्दल कुणी ब्र काढत नसे.

यंदा ‘पत्ता विचारणारी’ त्यांच्या हाती यायला एकच माणूस उरला होता, चष्म्याच्या दुकानाचे मालक. ते उद्याच्या सभेला पुस्तक घेऊन येणार होते. मॅडमना धीर धरवत नव्हता. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एखाद्या पुस्तकासाठी झोप उडावी, हे त्यांना स्वतःलाच हसू येण्यासारखं वाटत होतं.

तशी त्यांची झोप आणखी एका गोष्टीनंही उडाली होती, पण ती अगदीच फुटकळ होती. महिनाभर त्यांच्या घराच्या जिन्यावर दुपारचा एक आवाज यायचा. चट्. मग काही नाही. मग पुन्हा चट्. एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असल्यासारखा. खालच्या मजल्यावरच्या काकांचा पाय प्लास्टरमध्ये होता, ते चढउतार करत असतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. काकांचं प्लास्टर काढून पंधरा दिवस झाले होते, हे त्यांना आज सकाळी कळलं.

२

पांढऱ्या चिठ्ठ्या पटकन झाल्या. ‘सातव्या पायरीखाली’ला पाच मतं. म्हाताऱ्याची ही पहिली कादंबरी आणि मॅडमचं मत दरवर्षी तिलाच. का, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन मतं ‘मेणाचे शेजारी’ला. एक मत ‘पाण्याची टाकी’ला, ते नर्सबाईंचं, त्या जन्मभर एकट्याच तिच्यामागे उभ्या होत्या.

मग पिवळ्या. चष्मेवाल्यांची पुस्तक संपल्यावर उद्या यायची होती. मॅडमनी स्वतःची बाजूला ठेवली आणि पहिली उघडली. ‘पत्ता विचारणारी’. दुसरी उघडली. ‘पत्ता विचारणारी’. सहाच्या सहा उघडून झाल्यावर त्या खुर्चीत मागे रेलल्या. या मंडळाचं बावीस वर्षांत चहात साखर किती घालावी यावरही एकमत झालं नव्हतं. शिवाय सहाही जणांनी पान एकच लिहिलं होतं, एकशे एक्केचाळीस. मॅडमना चेव आला. म्हाताऱ्यानं त्या पानावर काय करून ठेवलंय तरी काय? कारणं वाचायला नकोत, वाचलं तर मजा जाईल, असा विचार त्यांनी केला, आणि मोजणाऱ्याला वाचावंच लागतं अशी स्वतःची समजूत घालून लगेच वाचायला घेतलं.

सही नसली तरी अक्षरं ओळखीची होती. पोस्टमास्तरांनी लिहिलं होतं: ‘एक मुलगी रुंद रस्त्याच्या मधोमध उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, इथलं घर कुठं गेलं? पानभर हेच. कंटाळा.’ नर्सबाईंनी लिहिलं होतं: ‘मुलगी दवाखान्यात येते. चौदा नंबरच्या पलंगापाशी थांबून विचारते, आमची आई इथून कुठं गेली? मला नको वाटलं.’

मॅडमनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. रस्ता की दवाखाना? एका पानावर दोन्ही कसं मावेल? पोस्टमास्तरांचं आता वय झालं, पान लिहायला चुकले असतील. पण फोटो स्टुडिओवाल्यांच्या पान एकशे एक्केचाळीसवर ती मुलगी नुसतीच चालत होती: ‘एक चप्पल पायात, तुटलेली दुसरी हातात. दोन्ही काढ ना बाई! वाचताना माझा पाय दुखला.’ वकीलबाईंचा आक्षेप वकिली होता: ‘कोपऱ्यावरच्या शिंप्याला ती पत्ता विचारते आणि तो सांगतो. इतकी वर्षं न सापडलेला पत्ता असा फुकटात कसा मिळतो? कथा इथं ढिली पडते.’ ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं: ‘गल्लीतली फाटकं मोजत येते. रंगाच्या डब्यात लावलेलं झाड दिसल्यावर हसते. ते हसणं आवडलं नाही.’

सहा माणसं, एक प्रत, एक पान. मॅडमनी पुस्तक कुणाकडे कधी गेलं ते देवघेवीच्या वहीत पाहिलं आणि चिठ्ठ्या त्या क्रमानं लावल्या. पोस्टमास्तर, फोटोवाले, नर्सबाई, वकीलबाई, ड्रायव्हिंगवाल्या. मुलगी रस्त्यावरून निघाली होती, चालत दवाखान्यात गेली होती, तिथून कोपऱ्यावर, तिथून गल्लीत. प्रत्येक वाचकागणिक ती थोडी थोडी पुढे सरकत होती, आणि हे एकालाही माहीत नव्हतं, कारण नियमाप्रमाणे एकमेकांशी कुणी बोललंच नव्हतं.

मॅडमच्या फाटकापाशी रंगाच्या डब्यात लावलेलं एक झाड होतं. मॅडमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर शिंपी होता. तशी झाडं आणि तसे शिंपी शंभर ठिकाणी असतात, असं स्वतःला सांगत त्यांनी सहावी चिठ्ठी पुढे ओढली. ती संगीत शिकवणाऱ्या सरांची होती, बारीक आणि नीटस अक्षरातली.

‘जिना. बावीस पायऱ्या. ती वर येऊन पाण्याच्या मीटरशेजारी बसते. “तायडे, मी आले,” असं हळूच म्हणते, पण दार वाजवत नाही. दार का वाजवत नाही ते लेखकानं सांगायला हवं होतं.’

मॅडमच्या हातातला चहा थंड झाला. तायडे त्यांना जगात एकच माणूस म्हणायचं.

३

ती त्यांची धाकटी बहीण. घरात सगळे तिला बारकी म्हणत. चाळीस वर्षांपूर्वी, ती नऊ वर्षांची आणि मॅडम चौदा वर्षांच्या असताना, एका दुपारी आईवडील कामाला गेले होते आणि बारकी खेळायला बाहेर. मॅडम घरात एकट्या, आतून कडी लावून, ‘सातव्या पायरीखाली’ वाचत होत्या. पुस्तक उसनं आणलेलं होतं आणि गोष्ट अगदी टोकाला आली होती. तेवढ्यात दार वाजलं. “तायडे, दार उघड. चप्पल तुटली.” मॅडमनी पानावरून मानही न उचलता सांगितलं, “थांब, वीसच पानं राहिलीत.” दार आणखी दोनदा वाजलं. मग वाजायचं थांबलं. मॅडमना बरंच वाटलं. वीस पानं संपवून, अंगावर आलेला काटा मिरवत त्यांनी दार उघडलं, तर बाहेर कुणी नव्हतं.

बारकी पुन्हा कुणाला दिसली नाही. विहिरी पाहून झाल्या, पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, मी झोपले होते. वीस पानांची गोष्ट त्यांनी आईलासुद्धा सांगितली नाही. आईनं जन्मभर ते घर सोडलं नाही, पोरगी आली तर तिला घर सापडायला हवं म्हणून. आई दवाखान्यात चौदा नंबरच्या पलंगावर गेली, मग रस्ता रुंद करताना घरही गेलं, आणि मॅडम या दोन खोल्यांत राहायला आल्या. पहिल्या दिवशी कुलूप लावताना त्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती, की आता बारकीला पत्ता कोण देणार. नऊ वर्षं तो विचार त्यांनी रोज जिना उतरताना केला होता.

शनिवारी संध्याकाळी घरी येऊन त्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. बावीस. इतकी वर्षं त्यांनी त्या कधी मोजल्या नव्हत्या. वर मीटरशेजारी धुळीत बसल्यासारखी जागा पुसली गेली होती, पण मीटर वाचायला येणारा माणूसही तिथंच बूड टेकतो. मॅडम विचार करणाऱ्या बाई होत्या. कुणीतरी चेष्टा करतंय का, हे त्यांनी आधी तपासून पाहिलं. सहा जणांनी मिळून? या मंडळातले सहा जण मिळून सतरंजीसुद्धा उचलू शकत नव्हते. बहीण हरवल्याचं एखाद्यानं जुन्या पेपरात वाचलं असेल असं धरून चाललं, तरी तुटलेल्या चपलेचं कोण सांगणार? ते दारापलीकडून ऐकणारं माणूस एकच होतं.

भीती वाटायला हवी होती आणि थोडी वाटतही होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत धडधडत होतं आणि त्याला मॅडमनी लगेच ओळखलं. तो आनंद होता. बारकीला पत्ता सापडला होता. त्यांनी रात्री ओट्यापासून खिडक्यांपर्यंत घर लख्ख केलं. कपाटातून नवी चादर काढली. मग दाराची आतली कडी पाहिली. आतून कडी लावणं त्यांनी त्या घटनेपासून सोडलंच होतं, या घरात तर एकदाही लावली नव्हती. कडी इतकी गंजली होती, की दोन्ही हातांनी जोर लावला तरी जेमतेम सरकायची आणि सरकताना किंचाळायची. ती पुरती मागे आहे ना, हे त्यांनी हात लावून पाहिलं. त्यांना आयुष्याकडून आता एकच गोष्ट हवी होती. या वेळी पहिल्याच टकटकीला दार उघडायचं.

४

रविवारची सभा नेहमीप्रमाणे बालविभागात भरली, कारण तेवढीच खोली रिकामी असायची. लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली ही मोठी माणसं चहा यायच्या आतच भांडायला लागली. नर्सबाईंनी ‘पाण्याची टाकी’ची बाजू लावून धरली. पोस्टमास्तर म्हणाले, त्या टाकीत भूत कमी आणि प्लंबिंग जास्त आहे. वकीलबाईंनी ‘मेणाचे शेजारी’मधल्या साक्षीदाराची उलटतपासणी सुरू केली. फोटोवाले दर दोन मिनिटांनी विचारत होते, निकाल सांगा ना मॅडम, जीव का टांगणीला लावताय? एरवी या गोंधळात मॅडम चमच्यानं कप वाजवून शांतता मागत. आज त्यांना हा कलकलाट फार गोड लागत होता. गाल गरम झाले होते. दोघातिघांनी तर विचारलंही, मॅडम आज काही विशेष?

निकालाला टाळ्या पडल्या. आवडती, ‘सातव्या पायरीखाली’. नावडती सांगताना मॅडमनी फक्त आकडा सांगितला, आतापर्यंत सहा, आणि सहाही जण एकमेकांकडे पाहायला लागले. प्रत्येकाला वाटलं होतं आपण एकटेच. कारणं वाचून दाखवता येत नव्हती. मॅडमचं वाचून व्हायचं होतं. संगीतवाले सर काहीतरी विचारणार होते, त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. “एवढं तरी सांगा,” नर्सबाई म्हणाल्या, “सगळ्यांना तो पलंगच खटकला का?” “कुठला पलंग?” असं पोस्टमास्तर म्हणाले आणि दोघंही एकदम गप्प झाले, कारण मॅडमनी बोट ओठांवर ठेवलं होतं.

चष्मेवाले सगळ्यात शेवटी आले. एरवी त्यांच्या अंगावर सुरकुती नसे. आज शर्टाची बटणं वरखाली लागली होती. त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोरी बांधली होती. पिवळी चिठ्ठी त्यांनी डब्यात न टाकता मॅडमच्या हातात दिली. पान एकशे एक्केचाळीस. खाली एकच ओळ होती: ‘बाई दार उघडते. उघडायला नको होतं.’

मॅडमना हसू आवरेना. उघडते! म्हणजे ती येते, आणि दार उघडलं जातं. चिठ्ठी त्यांनी घडी करून मुठीत ठेवली.

चहा झाला, खुर्च्या वाजल्या, एकेक जण निघाला. चष्मेवाले मागे घुटमळत राहिले. मॅडम पुस्तकाची नोंद करत होत्या, तेव्हा ते टेबलाजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, हे आत्ताच कोठडीत टाका. तुम्ही वाचू नका.”

“असं कसं? माझी पाळी आहे.”

“त्या दारावर तुमच्या घराचा नंबर आहे. मी तुमचा चष्मा घरी द्यायला आलो होतो, म्हणून मला माहीत. आणि दार उघडल्यावर पुढे काय होतं, ते मी तुम्हाला...”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी हात वर केला होता. “एक शब्द नाही. मी अजून वाचलेलं नाही.”

चष्मेवाल्यांनी दोनदा तोंड उघडलं. ते नियम पाळणारे गृहस्थ होते. बावीस वर्षांत त्यांनी एकाही गोष्टीचा शेवट कुणापुढे फोडला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, निदान आज तरी कुणाला सोबतीला बोलवा. मॅडम म्हणाल्या, सोबत येणारच आहे. हे त्या इतक्या आनंदानं म्हणाल्या, की चष्मेवाले मागे न पाहता जिना उतरून गेले.

५

घरी पोचल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खिडकीतून सरळ ऊन येत होतं आणि खालच्या काकांचा रेडिओ चालू होता. मॅडमनी हातपाय धुतले, दारासमोर खुर्ची ओढली, दोरी सोडली. वर्तमानपत्रातून पुस्तक बाहेर आलं ते अगदी साधं, एकशे एकसष्ट पानांचं. सरळ एकशे एक्केचाळीस उघडायचा मोह झाला. पण आयुष्यभर त्यांनी एकही पुस्तक मधून उघडलं नव्हतं, म्हणून त्या पहिल्या पानापासून वाचायला लागल्या.

आणि म्हातारा काय लिहून गेला होता! असली पकड त्याला तरुणपणीच साधली होती. मॅडम चौदा वर्षांच्या झाल्या. पाय खुर्चीवर घेतले, चहा करायचा राहिला, फोन वाजला तो वाजू दिला. काकांचा रेडिओ कधी बंद झाला ते कळलं नाही. खोलीत पान उलटल्याचा तेवढा आवाज होता आणि भिंतीवरच्या घड्याळाचा. शंभरावं पान गेलं. एकशे विसावं गेलं. ऊन फरशीवरून सरकत दारापर्यंत गेलं आणि उंबऱ्याला लागलं.

चट्.

मॅडमनी मान वर केली नाही. जिना बावीस पायऱ्यांचा आहे, तोवर चार पानं होतील, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्याची त्यांना तिथंच लाज वाटली. तरी डोळे ओळीवरून सुटेनात. चट्. काही नाही. चट्. पान एकशे चाळीस संपलं आणि नजर उजवीकडच्या पानावर गेली.

पान एकशे एक्केचाळीसवर एक बाई दारासमोर खुर्ची ओढून, पाय वर घेऊन वाचत बसली होती. दार वाजलं. बाईनं पानावरून मान न उचलता सांगितलं, ‘थांब, वीसच पानं राहिलीत.’

दार वाजलं. हे पुस्तकातलं नव्हतं. खाली, कडीच्या बरंच खाली, लहान मुलाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर तीनदा टकटक झालं.

मॅडमनी पुस्तक तसंच उघडं खुर्चीवर पालथं टाकलं. चाळीस वर्षांत इतक्या चपळाईनं त्या कधी उठल्या नसतील. दोन ढांगांत त्यांनी दार गाठलं आणि ओढून सताड उघडलं. “आले, बारके, आले,” असं त्या म्हणत होत्या.

बाहेर कुणी नव्हतं. जिन्यावर ऊन होतं. मीटरशेजारी वरच्या पायरीवर एक चप्पल पडली होती, लहान, निळ्या पट्ट्याची, अंगठा तुटलेली. मॅडम उंबरा ओलांडून दोन पावलं पुढे गेल्या आणि ती उचलायला वाकल्या. चप्पल गरम होती. इतका वेळ कुणी हातात घट्ट धरल्यासारखी गरम.

तेवढ्यात त्यांच्या कमरेपाशी काहीतरी घासून मागे गेलं. वारा, असं मन म्हणालं. पण वाऱ्याला खांदा नसतो, आणि याला होता. त्या वळल्या तेव्हा दार मिटत होतं. फटीतून त्यांना खुर्चीची कड दिसली, वर घेतलेला एक मळका अनवाणी तळवा दिसला, आणि मग दार लागलं. मग कडी. दोन हातांनी न हलणारी ती कडी आतून अलगद, आवाजही न करता सरकली. नुसती शेवटी टेकल्याची टक् ऐकू आली.

मॅडमनी दाराला तळहात लावला. “बारके,” त्या म्हणाल्या, “दार उघड.”

आतून जो आवाज आला, तो पुस्तकात तोंड खुपसलेल्या माणसाचा होता, अर्धवट लक्ष असलेला.

“थांब तायडे. वीसच पानं राहिलीत.”

मॅडमना रडू आलं नाही. उलट, ते इतकं रास्त होतं, इतकं बरोबर होतं, की त्यांना हसूच फुटलं. वीस पानं म्हणजे काय मोठं? त्या वेळी बारकी थांबली नव्हती, आपण थांबू. दार दुसऱ्यांदा वाजवायचं नाही. मांडीवर ती चप्पल घेऊन त्या मीटरशेजारी वरच्या पायरीवर बसल्या आणि कान दाराकडे लावले. जिन्यात आज जिथून तिथून सगळं गप्प होतं. काकांच्या घरातून भांड्याचा आवाज नाही, गल्लीतून हॉर्न नाही. आतून पान उलटल्याचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता. दहा वेळा उलटलं की वीस पानं झाली. पुस्तकांत आयुष्य काढलेल्या बाईला हे काही बोटांवर मोजावं लागत नव्हतं, तरी त्यांनी बोटांवर मोजलं.

पाच. सहा. बारकी सावकाश वाचायची, लहानपणीही ओळीखाली बोट धरायची. सात. मॅडमनी मनात जेवायला काय करायचं ते ठरवलं. आठ. पहिल्यांदा काय बोलायचं तेही ठरवलं: तेव्हा मी झोपले नव्हते, एवढंच. नऊ.

दहाव्यांदा पान उलटलं. मॅडम उठल्या, केस मागे सारले, कपडे सारखे केले आणि चप्पल दोन्ही हातांत धरून दारासमोर उभ्या राहिल्या. काळीज नुसतं उड्या मारत होतं.

आत अकराव्यांदा पान उलटलं. ते शेवटचं कोरं पान, त्यांनी स्वतःला सांगितलं; प्रत्येक पुस्तकात एक असतंच, त्याच्यापुढे पुठ्ठा. त्या हसल्या आणि कडी सरकायची वाट पाहू लागल्या.

आत बाराव्यांदा पान उलटलं.